अक्काच्या खोलीतली डबी

म्हैसूरजवळच्या हिनकलच्या अलीकडे आमच्या तीन इमारती आहेत. कमी उत्पन्नवाल्यांसाठी त्या बांधल्या तेव्हा सरकारनं त्यांना क्रमांक दिले, पिवळा रंग दिला आणि त्यानंतर काही दिलं नाही. मी शाळेतून निवृत्त झालेला विज्ञानाचा मास्तर, मधल्या इमारतीत तळमजल्यावर राहतो. तिसऱ्या मजल्यावर, थेट स्लॅबखाली, माझी थोरली बहीण एकटी राहायची. तिचं हृदय कमजोर होतं. उन्हाळ्यात थंड जागी राहा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ती जागा कुठं मिळते हे त्यांच्या विषयात बसत नसावं. आमच्याकडे खाली ये म्हटलं की ती म्हणायची, भावजयीच्या स्वयंपाकघरात बाई दोन दिवसच शोभते.

मग योजना आली. जुन्या इमारती कमी विजेत थंड राहाव्यात म्हणून गच्चीवर उष्णता अडवणारा थर, त्यावर पांढरा लेप, खिडक्यांवर सज्जे. पैसे तूर्त एका इमारतीपुरते होते, आणि जी सर्वांत जास्त तापते तिला आधी, असा नियम होता. नियम चांगला होता. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढं जे झालं त्यात नियमाकडे बोट दाखवायला मला आवडलं असतं.

एप्रिलमध्ये एक तरुण इंजिनिअर मुलगी आली. प्रत्येक इमारतीच्या वरच्या मजल्यावरच्या एका घरात तिनं काडेपेटीएवढी डबी टांगली. डबी दोन दिवस खोलीचं तापमान टिपणार होती. आमच्या इमारतीत अक्काचं घर निवडलं गेलं. नेहमी राहता तसंच राहा, असं त्या मुलीनं कन्नडमध्ये दोनदा बजावलं. अक्कानं मान डोलावली, तिला ताक पाजलं आणि तिची पाठ वळताच कामाला लागली.

आमचं घराणं कापड छापणाऱ्या रंगाऱ्यांचं. वडिलांच्या छपाईच्या खोलीत मेजावरचा रंग भराभर सुकू नये म्हणून उन्हाळ्यात खिडक्यांना ओलं गोणपाट लावत. अक्कानं ते लहानपणी रोज भिजवलेलं. तिनं माळ्यावरून जुनं गोणपाट काढलं, खिडकीच्या खिळ्यांना सुतळीनं बांधलं आणि जिन्यावरून मला हाक मारली.

"तम्मा, दोन बादल्या पाणी आण वर."

धाकट्या भावाला इथं तम्मा म्हणतात. मी सत्तरीला टेकलो तरी तिच्यासाठी तम्माच होतो. पाणी कशाला, ते मी विचारलं.

"सरकारच्या कागदात आपलं घर भट्टी म्हणून जायचं काय? ती पोरगी काय म्हणेल, बाईला घर ठेवता येत नाही."

मी पाणी नेलं. वरच्या नळाला नऊनंतर पाणी नसतं, म्हणून दोन्ही दिवस नेलं. तिनं फरशी शिंपली, गोणपाट भिजवलं, शेजारणीचा टेबलफॅन आणून खिडकीसमोर लावला. पाण्याची वाफ होताना उष्णता शोषली जाते, हे वाक्य मी तीस वर्षं मुलांकडून घोकून घेतलं होतं. त्या दोन दिवसांत ते मला एकदाही आठवलं नाही. अक्काचा चेहरा जरा निवांत दिसत होता, तेवढंच मी पाहिलं.

तीन घरांत आमचा आकडा सर्वांत खाली आला. पहिल्या इमारतीला काम मिळालं. उद्घाटनाला मांडव घातला, पाहुण्यांना म्हैसुरी पेटा, म्हणजे इकडचा जरीचा फेटा, बांधला, आणि इमारती थंड ठेवण्याविषयीचं भाषण आम्ही भर उन्हात ऐकलं.

नंतर मी त्या मुलीला गाठून सगळं सांगितलं. ती हसली नाही. घरात राहणाऱ्या बाईंच्या सहीचं पत्र द्या, पुन्हा डबी लावता येईल, असं म्हणाली. मी पत्र लिहून वर नेलं. अक्कानं ते वाचलं, चष्मा काढला.

"दोन दिवस घर थंड होतं, ते खोटं होतं काय? म्हातारपणी सही करून लबाड ठरू? बेडा, तम्मा. सुम्मने रहा."

नको, गप्प बस. मी गप्प बसलो. तिची समजूत घालायला आणखी एकदा जिना चढता आला असता. पत्र माझ्या खिशात आठवडाभर होतं, मग सदरा धुवायला गेला.

पुढच्या वर्षी उन्हाळा लवकर लागला. रोज फरशी शिंपायला तिच्या हातात आता बळ नव्हतं, आणि स्वतःपुरतं गोणपाट भिजवणं तिला चैनीचं वाटे. कोणी येणार असेल तरच भिजवी. एप्रिलअखेरीस एका दुपारी मी ताक घेऊन वर गेलो. ती दाराशी जमिनीवर पडली होती. फटीतून थोडा वारा येतो तिथं गाल टेकून. गोणपाट कोरडं होतं.

पंधरवड्यानं दुसऱ्या टप्प्यासाठी तीच मुलगी आली. अक्काचं भाड्याचं सरकारी घर अजून खात्यानं परत घेतलं नव्हतं, चावी माझ्याकडे होती. तिनं बाईंची चौकशी केली, मी सांगितलं. ती बराच वेळ डबीची दोरी सोडवत राहिली. ती गेल्यावर मी सुतळी कापून गोणपाट काढलं, खिडकी अक्का लावायची तशी अर्धी लावली आणि खुर्चीवर बसलो. तासभर बसायचं ठरवलं होतं. अर्ध्या तासात उठलो.

या वेळी आमचा आकडा सर्वांत वर होता. पावसाआधी गच्ची पांढरी झाली. समारंभात रहिवाशांच्या सहकार्याचा उल्लेख झाला आणि ज्येष्ठ रहिवासी म्हणून पेटा माझ्या डोक्यावर आला. तो तसाच घेऊन मी वर गेलो, कारण त्याच दुपारी घर रिकामं करून द्यायचं होतं. खोली थंड होती. मुलीचं काम चोख होतं. खिळ्यांना सुतळीची टोकं राहिली होती. ती सोडवायला मला वेळ लागला, गाठी अक्कानं मारल्या होत्या. मग खाली येऊन चावी दिली.