एकोणीस वर्षांची ग्वाही

आमच्या मोठ्या जाऊबाईंचं तोंड फटकळ आणि हातात कसब. एकोणीस वर्षांपूर्वी कॅन्सरनं त्यांचा डावा स्तन गेला आणि सहा महिन्यांत त्या आपल्यासारख्याच बायकांसाठी ब्रा शिवायला बसल्या. रिकाम्या बाजूला कापूस आणि वजनाला मूठभर मोहरी, म्हणजे खांदा कलत नाही. हुक लावणं माझ्याकडे.

दवाखान्यातली नर्स बायकांना आमच्याकडे धाडायची, ते काही नुसत्या शिवणासाठी नव्हे. जाऊबाई पडद्याआड स्वतःचा व्रण दाखवायच्या आणि म्हणायच्या, इतकी वर्षं झाली, धडधाकट आहे. रडत आत गेलेली बाई हसत बाहेर यायची. त्या एका वाक्याचा जाऊबाईंना भारी तोरा होता.

मागच्या वर्षी त्यांची कंबर धरली. शिवणाऱ्या बाईची कंबर दुखणारच, हे शहाणपण माझं. मशीनला मोटर बसवली, आठ महिने रोज तेल चोळलं. तपासण्या त्यांनी कधीच सोडल्या होत्या. मग एक दिवस कापडाचा गठ्ठा उचलताना मणका मोडला. डॉक्टर म्हणाले, तोच आजार, आता हाडांत. इतकी वर्षं गप्प बसला होता. मला माझ्याच हातांची किळस आली.

कुणाला सांगायचं नाही, अशी शपथ घालून जाऊबाई कमरेला पट्टा बांधून पुन्हा मापं घेऊ लागल्या.

एक शिक्षिका आली. तिच्या ऑपरेशनला सात वर्षं झालेली. पट्टा कशाला, तिनं विचारलं. मशीनचं दुखणं, जाऊबाई म्हणाल्या. तिचा चेहरा खुलला.

"मग माझंही तसंच असेल, मावशी. दिवसभर वर्गात उभी असते ना, कंबर नुसती ठणकते. तुम्हाला बघितलं की धीर येतो."

जाऊबाईंच्या हातातली टेप थांबली.

"माझं मशीनचं नाही. तो परत आलाय. तू उद्याच्या उद्या तपासून घे."

शिक्षिकेनं बटणं लावली, पर्स उचलली आणि माप अर्धवट टाकून गेली.

आठवड्यानं नर्सचा फोन आला. आवाज अगदी लोण्यासारखा. यापुढे बायका पाठवणार नाही, ताईंना विश्रांती घेऊ द्या, आणि दवाखान्यात आणाल तेव्हा मागच्या दारानं आणा, पुष्कळजणी त्यांना ओळखतात. जाऊबाईंनी पलंगावरून एवढंच विचारायला लावलं, ती शिक्षिका तपासायला आली का.

"नाही आली," नर्स म्हणाली. "मी फोन केला होता. म्हणाली, मला कळायलाच नको."