कादरचाचांचा तिसरा वाटा

कादरचाचांना आज दुपारी दफन केलं. उद्या बकरी ईद आहे.

डिचोलीत आमच्या शेजारचं घर त्यांचं. खाणीच्या ट्रकांचे टायर दुरुस्त करायचे.

काल संध्याकाळी बोकडाला फणसाचा पाला घातला, खुर्चीवर येऊन बसले, ते उठलेच नाहीत.

आमच्या कॉलेज ग्रुपवर सकाळीच एकानं टाकलं, "यांची ईद म्हणजे नुसतं खाणं."

त्याला उत्तर दिलं नाही. इथे देते.

चाचा बोकड आधीपासून घरी आणून सांभाळायचे. लळा लागला पाहिजे, जे आवडतं तेच द्यायचं असतं, म्हणायचे. इब्राहिम पैगंबर पोटचा मुलगा द्यायला निघाले, आणि अल्लानं मुलाच्या जागी मेंढा ठेवला. ही गोष्ट मी आणि त्यांचा अन्वर, दोघांनी त्यांच्या पायरीवर बसून ऐकली.

मग मटणाचे तीन वाटे. गरिबांचा, नातलग-शेजाऱ्यांचा आणि घरचा.

ईद सोमवारी आली की आमचा वाटा मंगळवारी यायचा. आई संकोचायची. चाचा हसून म्हणायचे,

"कुर्बानी तीन दीस चलता गो. तुमचो सोमार एकूच दीस."

अन्वर मोठा झाला, खाणीवर ट्रक चालवायला लागला. त्या वर्षीचा बोकड त्यानंच वाढवला होता. ईद तोंडावर आली असताना घाटीत त्याचा ट्रक उलटला.

त्याला घरी आणलं तेव्हा अंगावरची चादर काढू दिली नाही.

सगळे म्हणाले, यंदा राहू दे. चाचांनी ऐकलं नाही. अन्वरचाच बोकड दिला.

दुपारी टोप घेऊन आमच्या दारात आले. नेहमीपेक्षा जड होता.

आईनं विचारलं, "कादर, इतकें?"

"घरचोय वांटो घातला. खावपी पूत गेलो."

मग तिथेच उंबऱ्यावर बसले.

"इब्राहिमाक मेंढो मेळ्ळो गो. म्हाका मेळूंक ना."

आईनं टोप घेतला. दिलेलं अन्न परत पाठवायचं नसतं. तिनं रडत रडत शिजवलं, आणि आमच्यापैकी कुणालाच घास गिळवला नाही.

तेव्हापासून त्या घरात दोनच वाटे व्हायचे. घरचा वाटाही वाटून टाकायचे, आणि ईदच्या दिवशी चाचा-चाची डाळ-भात खायचे. इतकी वर्षं.

आणि हे म्हणे नुसतं खाणं.

आत्ता तिकडूनच आले. बोकड अंगणात आहे, कालचा पाला अर्धा तसाच पडलाय. कुर्बानी द्यायला पुतण्या येणार आहे, चाचांनीच ठरवलेलं. चाची आतल्या खोलीत बसलीय. माझा हात धरून उद्याचं विचारलं,

"फाल्यां वांटे कितले करूंया गो? आतां म्हाका कळना."

मी म्हटलं,

"तीन कर, चाची. घरचो वांटो आमी दोगांय खावया. हांव येतां जेवपाक."

ती खूप वेळ रडली. मग म्हणाली, "बेगीन यो."

चाचा, उद्या तुमच्या घरी ईदचं जेवण होईल. माझ्याच्यानं घास उतरेल की नाही, माहीत नाही. पण बसेन.

आता अन्वरजवळ निवांत पडा.