पुस्तकातली सासू, पडद्यावरची सासू

लग्न होऊन मी कराडजवळच्या मलकापुरात आले तेव्हा आमच्या घरी टीव्ही नव्हता. चौऱ्याण्णव साल असावं. शेजारी शिलाईकाम करणाऱ्या भाभींकडे होता. दर मंगळवारी संध्याकाळी गल्लीतल्या बायका तिथं जमायच्या, कारण एका कादंबरीवरची मालिका लागली होती. ती कादंबरी मी सांगलीला कॉलेजात असताना वाचली होती. तरुणपणी विधवा झालेली सून, तिची सासू आणि दोघींचं एक घर, एवढीच गोष्ट.

पुस्तकातली सासू फार बोलत नाही. सुनेला नर्सिंग शिकायला तीच पाठवते. मालिकेत मात्र दुसऱ्याच भागात तिनं सुनेपुढचं ताट ओढून घेतलं, आणि पुढं दर आठवड्याला काहीतरी नवं करत राहिली. भाग संपला की बायका माझ्याकडं आणि आत्यांकडं, म्हणजे माझ्या सासूबाईंकडं, बघून हसायच्या. तुझी पण अशीच हाय का गं, असं एकीनं मला सगळ्यांदेखत विचारलं. थट्टाच होती ती. पण पुढच्या मंगळवारी आत्या आल्या नाहीत. डोकं दुखतंय म्हणाल्या.

त्यानंतरच्या मंगळवारीही त्यांचं डोकं दुखलं. तेव्हा मी सांगितलं, की पुस्तकातली सासू अशी नाही. त्यांना खरं वाटेना. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून मी वाचनालयातून पुस्तक आणलं आणि दुपारी त्या शेंगा फोडायला बसल्या की वाचून दाखवू लागले. वीसेक दिवस लागले. मध्येच त्या थांबवायच्या, मागचं परत वाच म्हणायच्या. सून शिकायला निघते ते पान तर मी तीनदा वाचलं. सासूनं दार लावून घेतलं, एवढंच तिथं लिहिलंय.

"म्हंजे तिला वाईट वाटलं का न्हाई?" आत्यांनी विचारलं.

वाटलं असणार, पण तसं लिहिलेलं नाही, असं मी म्हणाले. त्या बराच वेळ शेंगा फोडत राहिल्या.

शेवटच्या भागाला त्या माझ्याबरोबर भाभींकडं आल्या. सून बॅग घेऊन निघते तेव्हा सासूचं काम करणारी नटी उंबऱ्यात उभी राहते, पदर दातात धरते आणि काहीच बोलत नाही. तीन महिने मला त्या मालिकेचा राग येत होता. पण त्या बाईनं मिनिटभरात जे दाखवलं ते पुस्तकात नव्हतं, आणि चांगलं होतं. आत्यांनी डोळे पुसले.

शेवटी सुधारली म्हणायची, असं म्हणत बायका उठू लागल्या. आत्यांनी त्यांना परत बसवलं आणि पुस्तकातली गोष्ट पहिल्यापासून सांगितली. सासू मुळातच वाईट नव्हती, नर्सिंगचा फॉर्मसुद्धा तिनंच भरायला लावला, सगळं बरोबर सांगितलं. मग म्हणाल्या, सुनेला एसटीत बसवून ती घरी आली आणि दोन दिवस तिनं चूल पेटवली नाही. एकटीसाठी काय करायचं, म्हणून.

घरी येताना मी म्हणाले, "आत्या, ते चुलीचं पुस्तकात नाही."

"लिवायचं राहिलं आसंल," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी पुस्तक परत करायला निघाले, तेव्हा त्यांनी येताना दुसरं आणायला सांगितलं. जरा जाड बघ, म्हणाल्या.