मधला पर्याय

माझा नवरा लोकांना शहाणपण विकतो. कार्डावर 'व्यवस्थापन सल्लागार' असं छापलंय, खाली 'जागतिक व्यवसाय धोरण' असंही आहे, पण सासूबाईंना ते आजतागायत कळलेलं नाही. "दुसऱ्यांच्या कंपनीत जाऊन हा करतो तरी काय?" असं त्या विचारतात. "बोलतो," असं मी सांगते. त्यांचं लगेच समाधान होतं, कारण लहानपणापासून तो तेच करत आलाय.

सुरुवात पंपांच्या कारखान्यातल्या नोकरीत झाली. आमचं नुकतंच लग्न झालं होतं. गोदामात नवा माल जुन्यावर रचतात, म्हणून तळातले पंप गंजतात, हे हा वर्षभर घसा कोरडा करून सांगत होता. कुणी कान दिला नाही. मग बाहेरून एक सूटबूटवाला सल्लागार आला, त्याने चहा पिता पिता ह्याच्याकडूनच सगळं काढून घेतलं आणि मोठ्या साहेबांना पडद्यावर दाखवलं. साहेब खूश. दुसरा कुणी असता तर जळफळला असता. हा घरी येऊन म्हणाला, "मला तो माणूस व्हायचंय."

झाला की. आधी बिस्किटं, मग सिमेंट, विमा, जहाजं. कुठल्या देशात कारखाना काढायचा आणि कुठला बंद करायचा, हे आता ह्याला विचारतात. आपल्याच स्वयंपाकघरात डब्यांची झाकणं कुठे असतात ते मात्र विचारायची सोय नाही. बॅग कायम दाराशी भरलेली. लेक लहान होती तेव्हा हा परत आला की ती "बॅग आली" म्हणून ओरडायची, आणि ह्याला त्याचं कौतुक वाटायचं.

ह्याच्या धंद्यातली खरी मेख त्याने मला लग्नानंतर लवकरच सांगितली होती. क्लायंटला कधी एक उत्तर द्यायचं नाही, तीन द्यायची. पहिला पर्याय असा, की ऐकूनच पोटात गोळा यावा. तिसरा असा, की घेऊन हाती काही लागू नये. मग क्लायंट आपणहून मधल्यावर बोट ठेवतो आणि निर्णय आपलाच म्हणून मिरवतो. मी पोट धरून हसले होते. हसायला माझं काय जात होतं, तेव्हा क्लायंट दुसरे होते.

पुढे ते घरात शिरलं. घराला रंग, तीन पर्याय. लेकीची शाळा, तीन पर्याय. गाव सोडायचं, देश सोडायचा, तरी तीनच. आणि दरवेळी मधला इतका समंजस, की भांडायला जागाच उरायची नाही. मी फिजिओथेरपिस्ट. नव्या देशात गेलं की माझी डिग्री रद्दी. पुन्हा परीक्षा द्या, पुन्हा भाषा शिका, पुन्हा कुणाच्या तरी हाताखाली गरम पाण्याच्या पिशव्या भरा. जरा बस्तान बसलं की हा लॅपटॉप घेऊन समोर बसणार. माझं डोकं फिरायचं, आणि तरी मी खोकी भरायला घ्यायचे.

ह्या शहरात मात्र माझं स्वतःचं क्लिनिक झालं. चष्म्याच्या दुकानाशेजारी, रस्त्यालगत, कारण गुडघेवाले जिने चढत नाहीत. दोन खाटा, मध्ये पडदा, भिंतीला पुली. एक निवृत्त बसड्रायव्हर खांदा घेऊन यायचा, हात छातीच्या वर जात नव्हता. मागच्या आठवड्यात त्याने आपल्या हाताने टोपी घातली आणि आरशासमोरून हलेचना. दारावर पाटी माझ्या नावाची आहे. येता-जाता मी ती पुसते.

तर गेल्या रविवारी सकाळी हा म्हणाला, "बस ना जरा," आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला. कंपनीने ह्याला दुसऱ्या खंडाचा अख्खा कारभार देऊ केला होता. पर्याय पहिला: ह्याने नकार देऊन नोकरी सोडायची, सगळ्यांनी इथेच राहायचं, क्लिनिक चालू. त्याला एकच ओळ, तीही लाल रंगात. तिसरा: हा एकटा जाणार, अधूनमधून भेटणार. मधला: सगळ्यांनी जायचं, 'काही वर्षांपुरतं', क्लिनिक माझ्या मदतनीस बाईंकडे सोपवायचं. मधल्याला तक्ते होते, नकाशा होता, नव्या शाळेच्या मैदानाचा फोटोसुद्धा होता.

"मधला जरा जास्तच जाडजूड झालाय, बाबा," लेक टोस्ट चावत म्हणाली.

"पहिला," मी म्हणाले.

तो हसला. "नीट वाच तरी."

"एकच ओळ आहे, वाचली. पहिला."

"अगं, तो घ्यायचा नसतो."

"मग लिहायचा नसतो. तुझ्या एखाद्या क्लायंटने पहिला घेतला तर काय करतोस?"

"आजवर कुणी घेतला नाही," तो म्हणाला.

मी संतापून लॅपटॉप त्याच्याकडे परत वळवला. मी सांगितलं, "मी आता कुणाच्या हाताखाली पिशव्या भरणार नाही. तू एकटा गेलास तर मी रडेन, पण मागे येणार नाही." तो पहिल्या पर्यायाच्या पानावर गेला आणि पुढचं पान शोधत बसला. पुढे काही नव्हतंच.

"ह्यात मी दिवसभर काय करतो?" त्याने विचारलं.

"ते तू लिहायला हवं होतंस."

"झाकणं शोध, बाबा," लेक म्हणाली.

नंतर तो घरभर येरझारा घालत राहिला. मी काही विचारलं नाही, विचारलं असतं तर पुन्हा तीन निघाले असते. मंगळवारी मी बूट घालत होते तेव्हा वरिष्ठांचा फोन आला. ह्याने जेवणाच्या टेबलाशी उभ्यानेच घेतला.

"नाही, मी येत नाहीये," तो म्हणाला. तिकडून बराच वेळ कुणीतरी बोलत होतं. बाकीचे पर्याय विचारले असणार, तिथेही ह्यानेच तयार केलेली माणसं बसली आहेत.

"बाकीचे नाहीत," तो म्हणाला. "एवढाच आहे."

फोन ठेवून तो खुर्चीत बसला. चेहरा इतका उतरला होता की मला भरून आलं, आणि त्याचाही राग आला, कारण इतक्या वर्षांनी ह्याने एकच उत्तर दिलं आणि नेमका मला क्लिनिकला उशीर झाला होता.