आबांचे पुढचे दात

मीरा, ईशान — ही गोष्ट मी आजवर कोणालाच सांगितलेली नाही. तुमच्या बाबालाही नाही. एरवी मी मुद्द्याचं बोलणारी बाई. पण इथे — इथे जरा अडखळतेय.

आठवतं, शेवटी शेवटी आबा व्हिडिओ कॉलवर यायचेच नाहीत? ईशान, तू एकदा विचारलंस, आबा माझ्यावर रागावलेत का. मी म्हटलं, छे रे, त्यांना फोनचा कंटाळा आहे. ते खोटं होतं. आणि ते आधीच्या एका खोट्यावर उभं होतं.

आबांचे पुढचे दात दुखायला लागले तेव्हा मी त्यांना लोणावळ्यातल्या एका दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण मुलगी, परराज्यातली. मराठी येत नव्हतं, हिंदीही जेमतेम; बोलायची ती इंग्रजीतच. आबा आंबी गावचे, शेतकऱ्याघरचे. इंग्रजीची सगळी कामं — बँक, विमा, डॉक्टर — आमच्या लग्नापासून माझ्याकडेच. ती म्हणाली, दात वाचतील. रूट कॅनाल करू, वर कॅप बसवू. मग खर्च सांगितला. आबा माझ्या तोंडाकडे बघत होते.

पैसे नव्हते का? होते. पण मनात आलं — या वयात दातांवर एवढा खर्च कशाला? मी इंग्रजीतच म्हटलं, काढून टाका, स्वस्तातली कवळी बसवा. ती म्हणाली, आधी त्यांना विचारा. मी आबांकडे वळले आणि म्हणाले, "डॉक्टर म्हणतायत, दात गेलेत. काढावेच लागतील."

"न्हाई वाचत? मग काढू दे," आबा म्हणाले. "तुला कळतंय त्यातलं."

कवळी कधी नीट बसलीच नाही. बोलता बोलता निसटायची. दुरुस्त करायला परत नेलं का मी? नाही — होईल सवय, म्हटलं. कडाकडा चिक्की फोडणारा माणूस, तुकडा गालात धरून विरघळायची वाट बघत बसायचा. नातवंडांसमोर कवळी निसटली तर — या लाजेने त्यांनी तुमच्याशी बोलणंच सोडलं.

आणि आंबीहून कोणी आलं की कौतुकाने सांगायचे, "हिनं डॉक्टरशी विंग्रजीत लय भांडून पायलं. पर माजे दातच गेलते, ती तरी काय करनार?" मी चहा टाकायला आत जायचे. एकदाही — एकदाही म्हटलं नाही, की अहो, मी भांडलेच नव्हते.

ते गेले तेव्हाही हेच समजून गेले.

ईशान, ते रागावले नव्हते. तुमचा कॉल आला की मी हॉलमध्ये बसायचे, आणि आबा दाराआड खुर्ची ओढून — तोंडावर पंचा धरून — सगळं ऐकायचे. तू काही गंमत सांगितलीस की तिथेच बसून, आवाज न करता हसायचे. मला दिसायचं.