अंगठ्याआधी वाचून दाखवा

संस्थेची पुस्तिका निघतेय, जुन्या लोकांनी आठवणी लिहा म्हणाले. माझं शिक्षण चौथी. खरं तर हे माझ्या बायकोनं सांगायचं. तिला अक्षर येत नव्हतं, पण संस्थेचं सगळं पाठ होतं. ती गेली, म्हणून मी लिहितो.

संस्था म्हणजे आधी छावणी भागातली एक पत्र्याची खोली. दोन वकील कोर्ट सुटल्यावर तिथं बसायचे आणि गरिबांचे दिवाणी कज्जे फुकट चालवायचे. घराचे, वारसाचे, पोटगीचे. एक टेबल, एक बाक. येणाऱ्या जास्त बायाच, बाकावर न मावलेल्या दाराबाहेर उन्हात.

आमचा कज्जा हर्सूलच्या भाड्याच्या खोलीचा. मी सिल्लोडला कापसाच्या जिनिंगवर कामाला, आठवड्यातून एकदा घरी. घरमालकाशी बोलणं तिचंच, म्हणून भाड्याची पावतीही तिच्या नावावर. खोली खाली करा म्हणून नोटीस आली तेव्हा ती एकटीच छावणीला गेली. तिथल्या कारकुनानं अर्ज लिहिला आणि शाईचं पॅड पुढं सरकवलं.

"मावशी, अंगठा करा."

"आधी वाचून दाखवा."

"रोज हेच लिहितो मी. सगळं बरोबर आहे."

"असंल. पण अंगठा माझा हाय."

कारकून कुरकुरत वाचायला लागला. पुढं आलं, पती मयत.

"मेले नाय ते," ती म्हणाली. "सिल्लोडला हायत. शनिवारी येतात, जेवतात आन् घोरतात. मेलेलं माणूस एवढं घोरत नाय."

बाकावरच्या बाया हसल्या. कारकुनाला तरी काय बोलावं. येणाऱ्या बहुतेक विधवाच, त्याचा हात आपोआप मयत लिहायचा. दोघांतले मोठे वकीलसाहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला लावलं, वाचून दाखवल्याशिवाय अंगठा घेऊ नये. शनिवारी मी घरी आलो तर ती म्हणते, "तुम्हाला जितं करून आले."

तारखांवर तारखा पडल्या, पण खोली राहिली. पुढं संस्थेनं जागा बदलल्या. मधे वर्षभर कुलूपही होतं. मोठे वकीलसाहेब वारले, संगणक आला, तो पुठ्ठा कुठं गेला कोणाला ठाऊक नाही. गल्लीतल्या बायांना घेऊन ही मात्र जातच राहिली.

यंदा ती गेली. तेरावं झालं आणि घरमालकाचा पोरगा दारात.

"काका, पावती काकूंच्या नावावर. काकू गेल्या. आता तुम्ही कोण?"

दोन दिवस पडून होतो. तिसऱ्या दिवशी संस्थेत गेलो. तिथल्या वकील पोरीनं सगळं विचारून अर्ज छापून काढला. मी पेन उचललं तर म्हणाली, "थांबा बाबा, आधी वाचून दाखवते. आमच्याकडं तशी पद्धत आहे." पद्धत कोणामुळं पडली ते तिला माहीत नव्हतं. मी पेन खाली ठेवलं.

ओळीवर बोट ठेवून ती वाचत गेली. अर्जदाराची पत्नी मयत.

"परत वाचा," मी म्हणालो.

तिनं परत वाचलं, सावकाश. "काही चुकलंय का, बाबा?"

"ते नाय लिहिलं तर चालंल का?"

"नाही. मग वारस म्हणून खोलीवर तुमचा हक्क सांगता येणार नाही."

खोलीत तिची चूल आहे, तिचं कपाट आहे. मी दुसरीकडं कुठं जाणार.

"मग बरोबर हाय," म्हणालो आणि सही केली.