रस्त्यावरचा व्यायाम

चहा खाली ठेवा आधी. माझी फजिती ऐकताना ठसका लागला, तर मला बोल लावू नका!

छातीत कॅन्सरची गाठ निघाली, ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण उजवा हात खांद्याच्या वर जाईना. वेणी घालायलासुद्धा सुनेपुढं बसायचं! परभणीच्या दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "रोज हात थोडाथोडा वर न्या, नाहीतर खांदा आखडून बसेल." मी घाबरलेच.

अन् घरी सासूबाई! हात जरा हलला की, "अगं, टाके उसवतील! गप पडून ऱ्हा!" टाके कधीच निघाले होते, पण त्यांना सांगणार कोण?

मग मी शेळ्या चारायच्या निमित्तानं निघायची आणि पोखर्णीच्या रस्त्याकडेला बाभळीखाली उभी राहून हात वर न्यायची. काय अक्कल माझी!

पहिल्याच दिवशी कर्रकन ब्रेक. समोर बस!

"चला मावशी, कुठं जायचं?" कंडक्टरनं विचारलं.

रस्त्यात हात केला की बस थांबते, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. मलाच तेवढं सुचू नये?

"कुठंच न्हाई बापू. व्यायाम करायलेय."

"रस्त्यावर?"

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी कंडक्टर तणतणत खाली उतरला. "मावशी, रोज मजाक करायलाव का आमची?"

मग काय, ऑपरेशन, खांदा, सासूबाई, सगळं सांगून टाकलं. गडी एकदम नरमला.

"माझ्या आईचा बी हात असाच आखडला व्हता. करा तुमी बिनघोर. ड्रायव्हरला सांगतो, हितं थांबायचंच न्हाई."

किती बरं वाटलं म्हणून सांगू! रोज बस हॉर्न वाजवून जायची आणि माझा हात बोटबोट वर चढायचा.

पुढं मॅडमना हात दाखवायचा दिवस आला. चांगलं पातळ नेसले, पिशवी घेतली, रस्त्यावर आले. बस दिसली. हात केला.

थांबेना!

अजून वर केला. हॉर्न वाजला.

"आरं थांब की बापू!" म्हणत असा हात उचलला, असा उचलला, की दंड थेट कानाला टेकला! ऑपरेशननंतर पहिल्यांदा!

बस भुर्रकन गेली. खिडकीतून कंडक्टर टाळ्या वाजवत ओरडला, "शाब्बास मावशी! लय वर गेला आज!"

डोळ्यांतून घळाघळा पाणी, तोंडावर हसू. बस पार दिसेनाशी झाली, दवाखान्याची वेळ हुकली, अन् ही शहाणी अजून हात वर करून उभीच!